टॅनरी हिलचं पान

२ जुलै २०२३, रविवार

आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या लीगला शंभर वर्षं झाली म्हणून पुस्तक निघणार आहे आणि ते मी लिहिणार आहे. एका क्लबला एक पान. मेलबर्नच्या पूर्वेकडच्या या उपनगरांत आमच्या लीगमध्ये आजवर तेवीस क्लब खेळले. आठ अजून जिवंत आहेत, बाकीचे बंद पडले नाहीतर दुसऱ्यात मिसळले. लीगची सेक्रेटरी लोरेटा फोनवर म्हणाली की तुम्ही खेळलात, कमिटीवर होतात, सगळं तुमच्या डोक्यात आहे, तुमच्याशिवाय कोण लिहिणार? चाळीस वर्षं लोकांचे नळ आणि मोऱ्या दुरुस्त केल्या, पण असं कोणी म्हटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

मर्व्ह जेवायला आला होता. माझा मेव्हणा, नोरीनचा थोरला भाऊ. महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो, त्याच्या झाडाची पिशवीभर लिंबं घेऊन. नोरीननं त्याला पुस्तकाचं सांगितलं. तो "अरे वा" म्हणाला आणि बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं. पुस्तकात टॅनरी हिलचंही पान असणार हे तिघांनाही कळत होतं.

बाकीचे बावीस आधी उरकून घेतो.

६ जुलै, गुरुवार

नऊ पानं झाली. हात चालायला लागला की मजा येते. ब्रिकवर्क्स क्लबचं मैदान विटांच्या मातीच्या खाणीला लागून होतं. खाण वाढत वाढत आली आणि एका वर्षी दक्षिणेकडचे गोलचे खांबच खाली गेले. तरी त्यांनी ते वर्ष खेळून काढलं. सेंट कोलमन्सचे फादर आणि कमिटी यांचं बिअरवरून वाजलं, तर अर्धे खेळाडू बाहेर पडले आणि रस्त्यापलीकडे दुसरा क्लब काढला. अकरा वर्षं दोन्ही बाजूंच्या बायका पावसुद्धा एका बेकरीतून घेत नव्हत्या. फर्नलीचं मैदान महामार्गात गेलं. मधलं वर्तुळ आता डाव्या लेनखाली आहे. तिथून गाडी नेताना मी अजून टोपीला हात लावतो.

मी हातानं लिहितो, नोरीन कॉम्प्युटरवर टाईप करते. फादरचं पान वाचून ती एवढी हसली की चष्मा काढून पुसला. म्हणाली, "तुला लिहिता येतं की रे."

१२ जुलै, बुधवार

मर्व्हला झाड छाटायला करवत हवी होती, म्हणून दोघं हार्डवेअरच्या दुकानात गेलो. रंगाच्या डब्यांपाशी एक जण ओरडला, "काय एकोणीस! आज किती जण आलात?" वय असेल पन्नास. म्हणजे तेव्हा जन्मालाही आला नव्हता. बापाकडून उचललेलं असणार.

मर्व्हनं शाळेत हजेरी देतात तसा हात वर केला आणि करवती बघत राहिला. बावन्न वर्षं हेच चाललंय. भाजीच्या दुकानात, दवाखान्यात, त्याच्या बायकोच्या अंत्यविधीलासुद्धा कोणीतरी तसं बोललं होतं. कोणी हाक मारली की हा हात वर करतो. चिडला असता तर बरं झालं असतं.

गाडीत मी रेडिओ लावला.

१६ जुलै, रविवार

टॅनरी हिल लिहून टाकलं. बावीस पानांना लागला नाही एवढा वेळ या एका पानाला लागला. मधला भाग इथे उतरवून ठेवतो:

"१८ सप्टेंबर १९७१ रोजी अंतिम सामन्यात टॅनरी हिल संघ ऑर्मली पार्कविरुद्ध चौदा गुणांनी पुढे होता. चौथ्या आणि शेवटच्या सत्रात ऑर्मली पार्कच्या कप्तानाने मोजणीची मागणी केली. आपल्या खेळाच्या नियमानुसार कप्तानाने मागणी केल्यास पंच खेळ थांबवून समोरच्या संघाला रांगेत उभे करतो. मैदानात अठराहून अधिक खेळाडू आढळल्यास त्या संघाचे तोवरचे सर्व गुण रद्द होतात. टॅनरी हिलचे एकोणीस खेळाडू आढळले. निरोप पोहोचवण्यातील चुकीमुळे बदली खेळाडू आत आला, परंतु मूळ खेळाडू बाहेर गेला नाही. संघ सामना हरला. पुढे अंतर्गत वादांमुळे आणि चामड्याचा कारखाना बंद पडल्यामुळे १९७४ मध्ये क्लब विसर्जित झाला."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. कारखाना खरोखर बंद पडला. ज्या क्लबची अर्धी माणसं कारखान्यात होती, तो क्लब कारखान्याबरोबर जाणारच. मोजणी झाली नसती तरी गेला असता. मर्व्हचं नाव मी कुठे घातलेलं नाही. फक्त "निरोप".

पान नोरीनच्या टेबलावर ठेवलं.

२२ जुलै, शनिवार

ऑर्मली पार्कच्या सामन्याला गेलो. टॅनरी हिल बंद पडल्यावर मी तिकडेच गेलो होतो, नऊ वर्षं खेळलो. तिथल्या भिंतीवरच्या पाटीवर सोनेरी अक्षरांत माझं नाव आहे, आजीव सभासद म्हणून. मैदानात नुसता चिखल आणि थंडीनं कान झोंबत होते. सॉसेज-पाव घेऊन म्हाताऱ्या डग व्हेसीच्या शेजारी बसलो. तेव्हाचा त्यांचा कप्तान, मोजणी मागितली ती यानंच. त्यांच्या पानासाठी चार गोष्टी विचारायच्या होत्या.

तो आपणहूनच त्या दिवसावर आला. म्हणाला की तुमचे जास्त झालेत हे त्याच्या लक्षात यायला बराच वेळ लागला. मग सॉस पुसत म्हणाला, "गंमत सांगू? मर्व्ह तुझ्याशी बोलताना मी पाहिलं होतं. तू इथे, मी तिथे त्या कचऱ्याच्या डब्यापाशी, एवढंच अंतर. मला वाटलं, तुझ्या घोट्याचं विचारतोय."

मी म्हणालो, हो, घोट्याचंच विचारत होता.

"असेल," डग म्हणाला, आणि मॅच बघायला लागला.

घरी आलो, बूट न काढता बसलो. ही वही कोणी वाचत नाही. इथे तरी लिहावं.

मर्व्ह तेव्हा आमचा निरोप्या होता. कोचचं म्हणणं धावत जाऊन खेळाडूला सांगायचं, एवढंच काम. आणि तेव्हाचा नियम असा की एकदा बाहेर गेलास की गेलास, परत आत येता येत नसे. तो माझ्यापर्यंत आला, माझी बाही धरली आणि म्हणाला, "क्लाइव्ह, बाहेर हो. टेड आत येतोय." स्पष्ट म्हणाला. घोटा सुजला होता आणि त्या सत्रात चेंडूला माझा हातही लागला नव्हता. नोरीन कुंपणापाशी उभी होती. लग्नाला तीन आठवडे होते. तिच्या डोळ्यांदेखत लंगडत बाहेर जायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, "एकच चेंडू." बाही सोडवून घेतली आणि पळालो. टेड तोवर आत आला होता.

आणि मला चेंडू मिळाला. गोलही झाला. मोसमातला सगळ्यात सुंदर गोल. नंतर पंचांनी आम्हाला पोरांसारखं रांगेत उभं करून मोजलं. मी शेवटी होतो. धावफलकावरच्या म्हाताऱ्यानं आमचे पत्र्याचे आकडे काढले आणि तिथे शून्य टांगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेळाडूंच्या खोलीत कमिटी बसली. अध्यक्ष मर्व्हचे आणि नोरीनचे वडीलच होते. त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "मला कोणी काही सांगितलं नाही." त्यांनी मर्व्हकडे पाहिलं. मर्व्हनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "विसरलो असेन."

म्हातारा सासरा नंतर नऊ वर्षं जगला. मर्व्हशी धड बोलला नाही. क्लबात एकमेकांवर ढकलाढकली सुरू झाली ती क्लब बुडेपर्यंत.

मर्व्ह तेव्हा तसं का म्हणाला, हे मला कधी कळलं नाही. कदाचित गोंधळात त्यालाही खात्री राहिली नसेल. एवढी वर्षं मी असंच धरून चाललोय.

२ ऑगस्ट, बुधवार

नोरीननं बावीस पानं टाईप करून झाली असं सांगितलं. टॅनरी हिलचंही केलंय, पण त्यात एका वाक्याची जागा कोरी सोडली आहे. "निरोप पोहोचवण्यातील चुकीमुळे" पासून "गेला नाही" पर्यंत. तिथे नुसतं पांढरं.

मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "मनगट दुखतंय. तेवढं वाक्य तुझं तू टाईप कर."

बिचारी. संधिवात तिला गेली दोन वर्षं छळतोय आणि मी तिच्यावर एवढं काम टाकलं. मलम आणून दिलं. तिनं ते फ्रिजवर ठेवलं.

लोरेटाचा फोन आला. शुक्रवारी, ११ तारखेला सगळं छपाईला जाणार. अंतिम सामन्याच्या दिवशी बंद पडलेल्या क्लबांचे जुने झेंडे मैदानाभोवती फिरवायचेत, ज्याच्या त्याच्या खेळाडूंनी. टॅनरी हिलचे आम्ही चौघंच उरलोत. ती म्हणाली, झेंडा मर्व्हनं धरावा, तो सगळ्यात थोरला.

६ ऑगस्ट, रविवार

मर्व्हनं झेंड्याला नाही म्हटलं. जेवताना शांतपणे सांगितलं की लोक झेंडा बघायला येणार नाहीत, एकोणीस बघायला येतील. नोरीन उठली आणि उगाच नळ सोडून भांडी विसळायला लागली. मी ग्रेव्ही घेत राहिलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवण झाल्यावर परसात त्याच्याबरोबर गेलो. तो आमचं सफरचंदाचं झाड छाटत होता. मी फांदी धरली.

"मर्व्ह, तू मला सांगितलं होतंस."

"हो." करवत थांबली नाही.

"मग विसरलो का म्हणालास?"

फांदी तुटली. त्यानं ती बाजूला ठेवली. "अरे, तीन आठवड्यांवर लग्न होतं. बाबांना कळलं असतं तर त्यांनी तुला उंबऱ्याच्या आत घेतलं असतं का? आणि नोरीन तुझ्यापायी वेडी झालेली. मला वाटलं, महिनाभर लोक बोलतील, मग विसरतील."

विसरले नाहीत. महिन्याचं आयुष्य झालं. मी त्याच्या हाताकडे बघत राहिलो, हार्डवेअरच्या दुकानात वर गेलेल्या त्याच हाताकडे. मी म्हणालो की पुस्तकात खरं लिहितो.

तो पहिल्यांदाच कडक बोलला. "मुळीच नाही. त्र्याहत्तराव्या वर्षी तिला कळायला हवंय का, की नवरा खोटं बोलला आणि भावानं ते पचवलं? माझं काय, माझा हात वर करायला दुखत नाही. तिला त्रास देऊ नकोस."

आत आलो तर नोरीन खिडकीपाशीच उभी होती. भांडी कधीची विसळून झाली होती. म्हणाली, गार वारा येतोय, खिडकी लावायला आले होते.

१० ऑगस्ट, गुरुवार

सकाळपासून कॉम्प्युटरसमोर. दोन बोटांनी टाईप करतो मी. पांढऱ्या जागेत काय भरायचं?

जुनं वाक्य भरलं की मर्व्ह कायमचा छापला गेला. नाव नसलं म्हणून काय, निरोप्या कोण होता ते प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि खरं भरलं तर नोरीन. बावन्न वर्षांचा संसार, दोन पोरी, पाच नातवंडं, आणि ती रात्री अंगावर पांघरूण ओढताना माझ्यावरही ओढते. ती बाई उद्या माझ्याकडे कसं बघेल? मर्व्ह म्हणतो तेच बरोबर, असं दहा वाजेपर्यंत ठरलं होतं.

मग लक्षात आलं की मर्व्हचं म्हणणं मला फारच सोयीचं आहे. बावन्न वर्षांपूर्वीही असंच सोयीचं होतं. गप्प बसलो ते नोरीनसाठी नव्हे. माझ्यासाठी. मी भित्रा आहे. कुंपणापाशी एक पोरगी उभी होती आणि तिच्यापुढे मला मोठं दिसायचं होतं. तेव्हाही तेच आणि आजही तेच.

टाईप केलं: "निरोप्या मर्व्ह ट्रँटर यांनी मला बाहेर जाण्याचा निरोप वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत दिला. मी गेलो नाही. सुमारे दोन मिनिटे मी एकोणिसावा खेळाडू म्हणून मैदानात होतो. दुसऱ्या दिवशी कमिटीपुढे मी खोटे बोललो. क्लाइव्ह पेटिफर."

उद्या पाठवण्याआधी नोरीनला दाखवणार.

११ ऑगस्ट, शुक्रवार

न्याहारीला पान तिच्यापुढे ठेवलं. तिनं चष्मा लावला. टोस्टवर जॅम लावता लावता वाचलं. मी खुर्चीची पाठ धरून उभा.

ती म्हणाली, "दोन मिनिटं नाही. चार."

मला समजलंच नाही.

"मी कुंपणापाशी होते, क्लाइव्ह. त्यानं तुझी बाही धरली ती पाहिली. तू झटकलीस तीही पाहिली. गोल झाल्यावर तू माझ्याकडे बघून हात केलास."

बसलो. विचारलं की मग लग्न का केलंस.

"वाटलं, लग्नाआधी सांगशील," ती म्हणाली. "मग वाटलं, पोरी झाल्यावर सांगशील. मग वाटलं, निदान बाबा जायच्या आधी. बाबा हॉस्पिटलात मर्व्हचं नाव घेत होते तेव्हा तू बाहेर गाडी लावायला गेलास. त्यानंतर मी वाट बघायचं सोडलं."

मी म्हणालो, चुकलो.

"मीही गप्पच बसले की," ती म्हणाली. "तुझ्या हातून माझ्या भावाचं वाटोळं होताना दर महिन्याला त्याला मटण वाढलं, आणि त्याच्याकडून लिंबं घेतली. माझं नाव कुठल्या वाक्यात घालू?"

मग तिनं पान उचललं, कॉम्प्युटरपाशी गेली, दोनचं चार केलं आणि लोरेटाला पाठवून दिलं. दहा बोटांनी. मनगटाला काही झालेलं नव्हतं.

दुपारी बॅग भरून मर्व्हकडे गेली.

२० ऑगस्ट, रविवार

नऊ दिवस झाले. लोरेटाचा फोन आला होता. हेच छापायचं ना, असं दोनदा विचारलं. हो म्हटलं. ऑर्मली पार्कवाल्यांना कुठून तरी कळलंय. एकानं फोनवर कुत्सितपणे विचारलं की पाटीवरचं नाव खरवडायला माणूस पाठवू का. मी म्हटलं, पाठव, शिडी माझ्याकडे आहे.

मर्व्हनं फोन उचलला नाही. फ्रिजवर मलमाची ट्यूब तशीच आहे.

१६ सप्टेंबर, शनिवार

अंतिम सामना. ऊन होतं. दारातच पुस्तकांचा ढीग होता आणि लोक उभ्या उभ्या पानं उलटत होते. ज्यांनी वाचलं होतं ते माझ्याकडे बघून बोलायचे थांबायचे. ते मला मान्य होतं.

मर्व्ह आला. तपकिरी-पिवळा टॅनरी हिलचा स्कार्फ घालून. तो अजून त्याच्याकडे असेल असं वाटलं नव्हतं. बरोबर नोरीन. ती माझ्याशी बोलली नाही, पण माझी कॉलर दुमडली होती ती सरळ केली आणि कुंपणाकडे गेली. मर्व्ह एवढंच म्हणाला, "तुला नको म्हटलं होतं." मी म्हटलं, हो. त्यानं मान हलवली आणि झेंड्याची काठी हातात घेतली. कापडाला कसरीनं भोकं पाडली आहेत.

आम्ही चौघं निघालो. मर्व्ह पुढे, मधे दोघं, शेवटी मी. मर्व्ह सत्त्याहत्तरचा आहे, पण काठी ताठ धरली होती. मैदानाच्या दूरच्या टोकाला, गर्दीतून, एक खणखणीत आवाज आला.

"ए एकोणीस!"

मर्व्हचे दोन्ही हात काठीवर होते. त्याची पावलं जराशी अडखळली. नोरीन तिथेच कुंपणाला टेकून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

मी हात वर केला.